कोपरगांवचें बेट आणि विलायतेस गेलेला वकील

दौंड-मनमाड लोहमार्गानें प्रवास करणाऱ्या आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं कोपरगांवचें स्थानक गाडींतून पाहिलें असेल. परंतु तेथें उतरून प्रत्यक्ष गांव पाहण्याचा योग फारच थोड्यांस आला असेल. जे उतरतात ते बहुधा शिर्डीच्या वाटेस लागतात; गोदावरीच्या तीरावरील या जुन्या गांवाकडे मान वळवून पाहण्यास कोणास सवड नसते. आम्हीही आजवर त्यांतलेच. गेल्या मार्गशीर्षांत मात्र आमचा दोन दिवसांचा मुक्काम कोपरगांवींच पडला, आणि त्यास कारण झालें तें आमच्या घरीं आलेलें एक पत्र.

आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा एका दूरच्या देशांत आपल्या सरकारच्या वकिलातींत नोकरीस आहे. परदेशीं गेलेलीं मुलें हल्लीं रोज दूरध्वनीवरून बोलतात. परंतु आमच्या मातोश्रींस कमी ऐकूं येतें, म्हणून आजीसाठीं तो महिन्याकांठीं एक पत्र स्वतःच्या हातानें लिहून टपालानें पाठवितो. आश्विनांत आलेल्या पत्रांत मजकूर होता कीं, येथें राजधानींत कांहीं दिवस दंगा चालला आहे, बाजार बंद आहेत, रात्रीं गोळीबाराचे आवाज येतात. परंतु आम्ही सर्व सुखरूप आहों, आजीनें काळजी करूं नये. पुढें हवापाण्याविषयीं चार ओळी होत्या आणि शेवटीं असें होतें कीं, रजा मिळेल ती पौषांत व तीही दहाच दिवसांची. लग्न उरकावयाचें तर त्यांतच उरकावें लागेल.

पत्र वाचून दाखविल्यावर मातोश्री बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "काळजी करूं नये असें तो लिहितो, तेव्हांच काळजी करण्यासारखें कांहीं तरी आहे." आणि थोड्या वेळानें दुसरी अडचण निघाली : पौषांत लग्न व्हावें कसें? आमच्या घरांत पौषांत कधीं मंगलकार्य झालेलें नाहीं. बंधू म्हणाले कीं, पुढल्या वर्षीं पाहूं. त्यावर वहिनींनीं कोपरगांवच्या बेटाची आठवण काढली. तेथें लग्नास मुहूर्त पाहावा लागत नाहीं, असें त्यांच्या माहेरीं ऐकलेलें होतें. तेव्हां स्थळ एकदां डोळ्यांनीं पाहून यावें म्हणून मातोश्री, बंधू, वहिनी व आम्ही असे निघालों.

कोपरगांव हा अहिल्यानगर जिल्ह्याचा उत्तरेकडील तालुका. हा मुलूख मूळचा कमी पावसाचा. परंतु नांदूर-मध्यमेश्वराच्या बंधाऱ्यापासून गोदावरीचे दोन कालवे निघाले आणि त्यांच्या पाण्यावर येथें ऊस उभा राहिला. स्थानकापासून गांवांत जातांना उसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात व हवेंत मळीचा आंबूस वास असतो. येथील एका साखर कारखान्यास पूर्वीं 'संजीवनी' हें नांव होतें, आणि एका शिक्षणसंस्थेस तें आहे. तें नांव कोणा जाहिरातदारानें शोधून काढलेलें नव्हे. त्याचें मूळ बेटांत आहे.

बेट म्हणून जो भाग ओळखला जातो, तेथें शुक्राचार्यांचें देऊळ आहे व जवळच कचेश्वर आहे. असुरांच्या या गुरूचा आश्रम येथेंच होता आणि कच-देवयानीची कथा येथेंच घडली, अशी परंपरा आहे. मुहूर्ताचा प्रश्न आम्हीं तेथील एका वृद्ध गुरुजींस विचारला. ते हंसून म्हणाले, "शुक्राचा अस्त झाला कीं लग्नें थांबतात, हें तुम्ही पंचांगांत पाहतांच. पण जेथें शुक्रच ठाण मांडून बसला आहे, तेथें अस्त कसला आणि मुहूर्त कसला?" बंधूंचें या उत्तरानें पुरतें समाधान झालें नाहीं, मातोश्रींचें मात्र झालेंसें दिसलें. त्यांनीं ओटी भरली व सभामंडपांत बसून कचाची कथा वहिनींस पुन्हां सांगावयास आरंभ केला.

कथा आपणां सर्वांस लहानपणापासून ठाऊक आहे. परंतु त्या ठिकाणीं बसून ऐकतांना तिचें एक अंग आमच्या नव्यानें ध्यानांत आलें. कच हा कोण? तो बृहस्पतीचा पुत्र खरा. परंतु देवांनीं त्यास पाठविलें तें शत्रूच्या घरीं, आपलें काम करून आणण्यासाठीं. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर तो देवांचा वकीलच. तेथें त्यास तीन वेळां मारण्यांत आलें. शेवटीं गुरूच्या पोटांतून त्याचा पुनर्जन्म झाला, तेव्हां कोठें संजीवनी विद्या हातीं आली. आणि परत निघतांना देवयानीचा शाप मिळाला कीं, ही विद्या तुला फळणार नाहीं. त्यावर तो इतकेंच म्हणाला कीं, मला न फळो. मी ज्यास शिकवीन त्यास तर फळेल. पाठविणारे स्वर्गांत सुखरूप होते. मरण, पुनर्जन्म आणि शाप हीं तिन्ही जाणाऱ्याच्या वांट्यास आलीं.

दुपारीं आम्ही राघोबादादांचा वाडा पाहावयास गेलों. रघुनाथराव पेशव्यांचें नांव निघालें कीं आपल्या घरांतील वडील माणसें अजून कपाळास आंठ्या घालतात. इ. स. १७५८ त ज्यांच्या फौजांनीं लाहोर घेऊन अटकेपर्यंत मजल मारली, ते हे राघोबादादा. आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांचें बंड होऊन पुतणे नारायणराव मारले गेले, तें ज्यांच्या चिठ्ठीमुळें, तेही हेच. या अपराधास देहांताखेरीज प्रायश्चित्त नाहीं असें रामशास्त्र्यांनीं त्यांस तोंडावर सांगितल्याची कथा प्रसिद्धच आहे. पुढें बारभाईंनीं कारभार हातीं घेतला, दादा इंग्रजांकडे गेले, इ. स. १७७५ त सुरतेचा तह झाला व मराठे आणि इंग्रज यांचें पहिलें युद्ध पेटलें. इ. स. १७७९ त वडगांवास इंग्रजांची नामुष्की झाली. दादा महादजी शिंद्यांच्या ताब्यांत आले. परंतु वाटेंत निसटून ते पुन्हां सुरतेस इंग्रजांच्या आश्रयास गेले. शेवटीं १७ मे १७८२ रोजीं सालबाईचा तह झाला. दादांनीं गादीवरील हक्क सोडावा, दरमहा २५,००० रुपये तनखा घ्यावा आणि स्वस्थ बसावें, असें ठरलें. त्याप्रमाणें ते कोपरगांवीं येऊन राहिले व ११ डिसेंबर १७८३ रोजीं त्यांचा अंत झाला. वय अवघें ४९ वर्षांचें. धाकटे पुत्र चिमाजी आप्पा त्यांच्या पश्चात्, इ. स. १७८४ त जन्मले. जवळच हिंगणी येथेंही दादांनीं वाड्याचें काम आरंभिलें होतें. तें पुरें झालें नाहीं.

वाडा पाहतांना विटा, चुना व लांकूड यांखेरीज फारसें कांहीं हातीं लागत नाहीं. पेशव्याचा वाडा म्हणून जी भव्यता आपण मनांत धरून जातों, ती येथें नाहीं. वनवासांतील माणसाचें घर म्हटलें तर मात्र शोभेल. आमच्या मनांत तेथें जी गोष्ट घोळूं लागली, ती दादांची नव्हे. त्यांच्या एका चाकराची. ती आपल्या शालेय पुस्तकांत येत नाहीं, म्हणून येथें थोड्या विस्तारानें देतों.

इ. स. १७८० च्या सुमारास दादांनीं असा विचार केला कीं, मुंबईकर व कलकत्तेकर इंग्रजांच्या शब्दाचा भरंवसा नाहीं. तेव्हां थेट विलायतेसच आपला वकील पाठवावा. या कामावर हनुमंतराव नांवाच्या एका ब्राह्मण गृहस्थाची योजना झाली; सोबत मणियार घराण्याचे दोघे पारशी पितापुत्र होते. पारशांस हा प्रवास अगदींच नवा नव्हता. सुरतेचे नवरोजी रुस्तुमजी इ. स. १७२३ तच विलायतेस गेले होते. परंतु आचारसंपन्न ब्राह्मणानें समुद्र ओलांडून म्लेंच्छदेशीं राहणें ही त्या काळीं केवढी गोष्ट होती, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. आगबोट नव्हती, सुवेझचा कालवा नव्हता. समुद्रानें सुवेझपर्यंत जावें आणि पुढें जमिनीवरून मार्ग काढावा, असा तो प्रवास होता.

ही मंडळी विलायतेंत होती तें साल १७८१. त्या वेळीं इंग्रजांचे डोळे लागले होते अमेरिकेकडे. तेथील तेरा वसाहतींनीं बंड करून सहा वर्षें होत आलीं होतीं, आणि त्याच सालीं ऑक्टोबरांत यॉर्कटाऊन येथें इंग्रजांच्या फौजेनें शस्त्रें खालीं ठेविलीं. अशा धामधुमींत पुण्याच्या एका पदच्युत पेशव्याच्या वकिलाकडे कोण लक्ष देणार? शिवाय त्यांचे राहण्याजेवण्याचे हाल होऊं लागले. सोंवळ्यानें स्वयंपाक करावयास जागा नाहीं, स्नानसंध्येस एकांत नाहीं. आणि परक्याच्या हातचें पाणीही चालत नाहीं. थंडी तर विचारूंच नका.

या अडचणींत त्यांस आसरा दिला तो एडमंड बर्क यांनीं. वॉरन हेस्टिंग्सवर पार्लमेंटापुढें खटला चालविणारे म्हणून ज्यांची कीर्ति पुढें सर्वत्र पसरली, तेच हे बर्कसाहेब. अमेरिकेशीं समेट करा म्हणून सरकारास विनविणाऱ्यांत हे अग्रेसर होते, आणि हिंदुस्थानच्या कारभाराची चौकशीही त्यांनीं त्याच सुमारास हातीं घेतली होती. लंडनपासून सुमारें पंचवीस मैलांवर बीकन्सफील्ड येथें त्यांचें घर होतें. तेथें ते हनुमंतरावांस व त्यांच्या सोबत्यांस घेऊन गेले. थंडीच्या दिवसांत नाजूक रोपें जगवावीं म्हणून त्या देशांत बागेंत कांचेचें घर बांधतात. तसलें घर बर्कसाहेबांनीं मोकळें करून दिलें, आणि त्यांत हनुमंतरावांची चूल पेटली. त्यांचा आचार पाहावयास थोरथोर मंडळी येत. प्रसिद्ध चित्रकार रेनॉल्ड्स हेही त्यांत होते. विलायतेच्या एका बागेंतील कांचेच्या घरांत एक ब्राह्मण एकटाच आपला भात रांधीत आहे आणि बाहेर कौतुकानें पाहणारे उभे आहेत, हें चित्र डोळ्यांसमोर आणिलें कीं हंसूंही येतें आणि पोटांत कालवतेंही.

बर्कसाहेबांनीं त्या वेळीं राघोबादादांस एक पत्र लिहिलें, तें त्यांच्या पत्रव्यवहारांत छापलेलें आहे. त्यांतील राजकारण बाजूस ठेविलें तर उरतें तें एका यजमानानें पाहुण्याच्या धन्यास लिहिलेलें खासगी पत्र. त्याचा आशय असा कीं, आपला हा वकील निष्ठावंत आहे. आमच्या देशांत त्याचे फार हाल झाले, पण ते आमच्या अज्ञानामुळें झाले, दुष्टाव्यानें नव्हे. आतां त्याच्या सहवासानें आम्हांस तुमचे रीतिरिवाज थोडेफार कळले आहेत, तेव्हां पुढें आपण त्याच्यासारखा कोणी पाठविलात तर त्याची सोय अधिक बरी होईल. मागण्या मोठ्या व फळ शून्य अशा त्या वकिलातींतून शेवटीं निष्पन्न झालें तें इतकेंच. कचाचें वचन आम्हांस येथें पुन्हां आठवलें : मला न फळो, मागून येणाऱ्यास तर फळेल.

आतां परतीची हकीकत. कंपनीच्या नोकरींतील विल्फर्ड नांवाचे अधिकारी काशीस राहून आपल्या ग्रंथांचा अभ्यास करीत असत. त्यांनीं इ. स. १७९९ च्या सुमारास 'एशियाटिक रिसर्चेस' या ग्रंथमालेंत ती दिली आहे. त्यांच्या लिहिण्यांत वकील दोघे ब्राह्मण आहेत, विलायतेकडील कागदांत एक ब्राह्मण व दोन पारशी. बाकी गोष्ट स्पष्ट आहे. वकील परत आले ते इराणच्या वाटेनें, म्हणजे सिंधु नदी उतरून. घरीं येतांच त्यांस वाळीत टाकण्यांत आलें. आक्षेप दोन : म्लेंच्छांच्या देशांतून जाऊन शास्त्रोक्त आचार सांभाळणें शक्यच नाहीं, हा एक, आणि यांनीं अटक ओलांडली, हा दुसरा. सभांवर सभा झाल्या, ठिकठिकाणचे शास्त्री जमले. दादांचें वजनही आपल्या वकिलांस वांचवूं शकलें नाहीं. शेवटीं निर्णय झाला कीं, हे सच्छील गृहस्थ असून देशकार्यासाठींच गेले होते, म्हणून त्यांचा पुनर्जन्म करून संस्कार पुन्हां करावे. त्यासाठीं सोन्याची स्त्रीमूर्ति किंवा गाय करून तिच्या उदरांतून मनुष्यास बाहेर काढावयाचें असतें. इतकें सोनें परवडणारें नसेल तर सोन्याची योनिप्रतिमा करून तींतून गेलें तरी चालतें. दादांनीं शुद्ध सोन्याची तशी प्रतिमा करविली, वकील तींतून गेले, पुन्हां मुंज झाली, ब्राह्मणांस अपार दक्षिणा मिळाली, आणि मग ते पंक्तीस बसले.

वाड्याच्या ओट्यावर बसून आम्हीं ही हकीकत मंडळींस सांगितली, तेव्हां बंधू एकाएकीं म्हणाले, "अरे, पण अटकेवर यांच्याच फौजा गेल्या होत्या ना?" आम्हांस तेंच सांगावयाचें होतें. धन्याच्या फौजा अटकेपर्यंत गेल्या, त्याचा पराक्रम झाला आणि म्हण झाली. चाकर तीच अटक उतरून मुकाट्यानें घरीं आला, त्याचें पातक झालें. ज्या अपराधास देहांत प्रायश्चित्त सांगितलें होतें, तें दादांनीं घेतलें नाहीं. आणि ज्यानें कांहींच अपराध केला नव्हता, त्यास सोन्यांतून पुन्हां जन्मावें लागलें. दादांनीं सोनें दिलें, हा त्यांचा चांगुलपणा आम्ही नाकारीत नाहीं. पण त्या वकिलाचें मन काय म्हणालें असेल? ज्या कामासाठीं हें सर्व सोसलें, तें काम तर सालबाईच्या तहानें संपलेंच होतें.

परमुलखीं वकिलीस गेलेल्यांची गोष्ट आपल्याकडे पुढेंही अशीच चालत आली. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांसाठीं रंगो बापूजी तेरा-चौदा वर्षें लंडनास दाद मागत राहिले व इ. स. १८५३ च्या अखेरीस रिक्त हस्तें निघाले. १८५७ च्या उठावांत त्यांचे पुत्र सीताराम फांशीं गेले आणि ते स्वतः परागंदा झाले. समुद्रगमनाचा बाऊही लवकर गेला नाहीं. इ. स. १८८३ त आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यास अमेरिकेस निघाल्या, तेव्हां लोक काय काय बोलले, आणि इ. स. १८९० त पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाच्या एका पेल्यावरून केवढें वादळ उठलें, हें आपल्या आज्यापणज्यांनीं पाहिलेलें आहे. आज प्रत्येक घरांतील एखादें मूल समुद्रापलीकडे असतें, आणि विमानतळावरून तें थेट जेवणाच्या पानावर येऊन बसतें. सोन्याची प्रतिमा गेली हें चांगलेंच झालें. पण तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, असें आम्हांस वाटतें. त्या जुन्या सभेनें निदान एवढें तरी कबूल केलें होतें कीं, परमुलखांतून आलेला मनुष्य गेला तोच राहत नाहीं. त्यास पुन्हां घरांत घ्यावें लागतें. आपण आतां त्यास 'प्रवास कसा झाला' एवढेंच विचारतों आणि आमटी वाढतों.

हें आम्हीं बोलून दाखविलें, तेव्हां मातोश्रींनीं पिशवींतून नातवाचें पत्र काढलें. त्या म्हणाल्या, "त्याला कोणी विचारलें का, दंग्यांत तूं कोठें होतास? जेवलास काय? झोंप लागते का? आपण सगळेच रजा आणि मुहूर्त धरून बसलों आहों." वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलें. बंधू खालीं पाहूं लागले. कारण मुलाशीं ते आठवड्यांतून दोनदां बोलत, आणि तें बोलणें दर वेळीं तिकिटाच्या दरावर येऊन थांबत असे.

संध्याकाळीं नदीवर जाऊन आल्यावर बंधूंनीं आपण होऊन सांगितलें कीं, लग्न पौषांत बेटांतच करावें. आप्तेष्टांपैकीं कोणी नाक मुरडलें तर? या प्रश्नास मातोश्रींनीं दिलेलें उत्तर आम्ही जसेंच्या तसें देतों : "परत आलेल्या माणसाला घरांत घ्यायला तेव्हां सोनें लागलें. आतां तेंही लागत नाहीं. मग चार लोकांच्या बोलण्याला काय भ्यायचें?"

मुक्कामावर आल्यावर त्यांनीं आमच्याकडून नातवास पत्र लिहवून घेतलें. मजकूर आठ-दहा ओळींचाच होता. लग्नाचें स्थळ ठरलें. बेटांत विहिणीसह सर्वांची सोय होईल. येतांना गरम कपडे आणावे, पौषांत गोदाकांठीं थंडी फार असते. आणि शेवटीं : "काळजी करूं नये असें पुन्हां लिहूं नको. जें झालें असेल तें खरें लिही. कागदावर लिहवत नसेल तर आल्यावर सांग. मला ऐकूं कमी येतें, पण मी जवळ बसेन."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोपरगांवच्या टपालपेटींत तें पत्र टाकून आम्ही गाडी धरली. आमच्या वाचकांपैकीं कोणी त्या बाजूस गेल्यास बेट व वाडा हीं दोन्ही अवश्य पाहावीं. एका दिवसांत सहज होतात. आणि आपल्या घरचें कोणी दूरदेशीं असेल तर तेथूनच त्यास चार ओळी लिहाव्या. त्या गांवीं पत्र लिहावयास बसलें कीं, कांचेच्या घरांत भात रांधणारा तो वकील आठवतो, आणि विचारावयाचें राहून गेलेलें आपोआप कागदावर उतरतें.